प्रतिसाद: 'सर्व्हिस' छाप उलटा पडलेलं तिकीट

मूळ धाग्यात अर्ध्या आण्याच्या तिकिटावर 'सर्व्हिस' हा छाप (सरकारी टपालासाठी तयार तिकिटावर वरून मारलेला शब्द) उलटा पडल्याचा फोटो आहे आणि 'सांगतील तेवढी किंमत द्यावी का' असं विचारलंय. जरा दमानं घ्या.

चुकांचे दोन प्रकार असतात. एक खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचा. ज्यांनी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या जुन्या छापखान्यांत ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) चालताना पाहिलंय त्यांना लगेच कळेल: जुळाऱ्याने (खिळे जुळवणाऱ्याने) एका जागी अक्षर चुकवलं, की त्या जुळणीवर निघालेल्या प्रत्येक तावात (तिकिटांच्या अख्ख्या कागदात) तेवढंच तिकीट चुकतं. चंबा संस्थानाच्या छापात इंग्रजी नावातल्या 'ए' आणि 'एम' यांची अदलाबदल झालेली आहे ती अशीच. दुसरा प्रकार ताव उलटा घातल्याचा. तो पकडला गेला नाही तरच बाहेर येतो, म्हणून दुर्मीळ. आणि नकली छाप मारायलाही हाच सोपा!

तुमचं तिकीट वापरलेलं दिसतंय, तर भिंग घ्या. छापाची काळी शाई टपाली शिक्क्याच्या खाली असायला हवी. ती शिक्क्यावरून गेली असेल तर छाप नकली, विषय संपला. कोरं असतं तर शिक्काच नाही, मग ओळखणं फार अवघड होतं.

वर कुणीतरी १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटाचं उदाहरण दिलंय. ती चूक नव्हे. गव्हर्नर जनरलसाठी मुद्दाम १०० तिकिटांवरच 'सर्व्हिस' छापलं होतं.

बाकी आपल्या कोल्हापूर दरबाराचे म्हणून जे विकतात, ते कोर्ट फीचे स्टॅम्प असतात. ते टपालात धरू नका.