मंत्र्यांना सोलापूरला यायला खास विमानच कशाला?

होटगीरोडकर
15 ऑक्टोबर 2025 पासून मुंबई-सोलापूर विमान सुरू झालं. त्याआधी जूनमध्ये गोव्याचं झालं होतं. वंदे भारत तर फेब्रुवारी 2023 पासून साडेसहा-पावणेसात तासांत पोचवते. म्हणजे ‘सोलापूरला यायची दुसरी सोय नाही’ हे कारण आता उरलं नाही. तरी साहेबांसाठी सरकारी नाहीतर भाड्याचं विमान होटगी रोडच्या विमानतळावर उतरतंच. काम लांबलं तर विमान इथं ताटकळतं, नाहीतर रिकामं परत जातं आणि न्यायला पुन्हा येतं. त्या रिकाम्या फेरीचं बिलही आपल्याच माथी. छोट्या जेटचं तासाचं भाडं लाखाच्या पुढं असतं.

विमानं विका असं मी म्हणत नाही. नियमित सोय असताना खास विमान का घेतलं, ते एका ओळीत लिहा आणि दर महिन्याला यादी जाहीर करा. कोण, कुठून कुठं, कशासाठी, किती तास, किती बिल. बस.

कडकभाकरी
काय बोलालास बे! मुख्यमंत्री बॅग घेऊन रांगेत उभारणार का? सकाळी मंत्रिमंडळाची बैठक, दुपारी सोलापूर, संध्याकाळी नांदेड असा दौरा असतंय. वंदे भारत मुंबईतनं चारनंतर सुटती आणि इथं पावणेअकराला पोचती. भूमिपूजन काय रात्री बॅटरी लावून करायचं?

जमाखर्च
मुख्यमंत्र्यांचं सोडा, त्यांना हवंच. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

नोकरीभर प्रवासभत्त्याची बिलं तपासली. एसटी असताना जीपचं भाडं लावलं की कारकुनाचं बिल लाल शेरा मारून परत जायचं. ‘एसटीने प्रवास का केला नाही, खुलासा करावा.’ तो बिचारा पावती जोडून, गाडी चुकल्याचं लिहून, साहेबांची सही घेऊन पुन्हा यायचा. रक्कम किती, तर तेव्हाचे साठ-सत्तर रुपये. ज्या सरकारला एवढ्याचा खुलासा लागतो, त्यानं विमानाचा द्यायला काय हरकत आहे?

अमेरिकेत सरकारी विमान वापरायचं तर नियमित विमानाच्या खर्चाशी तुलना कागदावर मांडावी लागते. तिथले आरोग्यमंत्री टॉम प्राइस यांना खासगी चार्टर विमानांच्या खर्चावरून सप्टेंबर 2017 मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. आपल्याकडे या कारणासाठी कुणी खुर्ची सोडेल अशी माझी अपेक्षा नाही. निदान शेरा तरी मारू द्या.

सीनाकाठ
शहरात बसून हे बोलायला सोपं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता. शेजारच्या परांड्यात माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. ऊस आडवा, गोठ्यात गाळ, घरातलं धान्य भिजून कुजलेलं. त्या दिवसांत कोण कशानं आलं हे आम्ही विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मंत्री येणार म्हटलं की तलाठी, तहसीलदार, बीडीओ सगळे आदल्या रात्रीपासून बांधावर असतात. ते हलणं आम्हाला विमानाच्या बिलापेक्षा महाग आहे.

होटगीरोडकर
@सीनाकाठ, पुराचं कुणी नावच घेत नाही. कारणाच्या ओळीत ‘पूर’ असं लिहिलं की विषय संपला. माझा आक्षेप सकाळी उद्घाटन आणि दुपारी पक्षाचा मेळावा या दौऱ्यांवर आहे. आचारसंहिता लागली की पक्षाच्या प्रचाराला सरकारी विमान चालत नाही, सूट फक्त पंतप्रधानांना. मग आचारसंहिता नसताना मेळाव्याचा वाटा पक्षानं का भरू नये?

कडकभाकरी
बरं, रस्त्यानं आणा. 2020 आणि 2021 ला उद्धव ठाकरे आषाढीच्या पूजेला मुंबईहून स्वतः गाडी चालवत पंढरपूरला आले. लई कौतुक झालं. पण मागंपुढं ताफा होता, वाटेत बंदोबस्त होता. त्याचं डिझेल आणि पोलिसांचे भत्ते कुठल्या हेडखाली टाकतेत सांग की. विमानाचं निदान एक बिल तरी सापडतंय.

जमाखर्च
हा मुद्दा बरोबर आहे. मग ताफ्याचंही लावा यादीत.

नवीपेठ
विमान आलं तरी आसरा चौक ते सात रस्ता ताफा असतोच, ते विसरू नका. दोन्ही खर्च होतात.

पंखा_फुल_स्पीड
खर्च कमी करा म्हणताना एक लक्षात असू द्या. 25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर कोसळलं, नशिबानं सगळे वाचले. उद्या टीकेला घाबरून कुणी स्वस्तातलं भाड्याचं यंत्र घेतलं तर काय? फेऱ्या कमी करा, देखभालीला हात लावू नका.

बाकी यादीला माझा पाठिंबा आहे, पण कारण खर्चाचं नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यपाल कोश्यारी सरकारी विमानात जाऊन बसले आणि परवानगी नाही म्हणून त्यांना उतरावं लागलं. शेवटी नेहमीच्या प्रवासी विमानानं डेहराडूनला गेले. चूक कुणाची, हे सांगणारा कुठल्या पक्षाचा यावर ठरलं. विमान कुणाला आणि कधी, हा नियम लोकांसमोर असता तर तो तमाशा झाला नसता.

कडकभाकरी
यादी लावली की पेपरवाले रोज एक फोटो छापणार, मंत्री घाबरून मुंबईतच बसणार. आधीच इकडं कोण फिरकंना.

नवीपेठ
येऊन तरी काय? नळाला चार-पाच दिवसांआडच पाणी यालंय.

होटगीरोडकर
सामान्य प्रशासन विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो. झालेल्या दौऱ्यांचीच माहिती मागतोय, त्यामुळे सुरक्षेचं कारण पुढं करता येऊ नये. मुंबई-सोलापूर फेऱ्या, सरकारी आणि भाड्याची विमानं, हेलिकॉप्टर, प्रत्येकाचं बिल. कुणाला भर घालायची असेल तर आजच सांगा.

जमाखर्च
भर नको, कापा. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. विमान आणि हेलिकॉप्टर हे दोन विषय आहेत म्हणून परत पाठवतील. दोन वेगळे अर्ज करा, प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका.