मदत हवी आहे : हुसर्ल आणि शुत्झ यांच्यातील नेमका फरक

समाजशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी, तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांचे विचार समाजशास्त्रात आणणारे आल्फ्रेड शुत्झ वाचताना एका मुद्द्यावर मी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. जगाच्या अस्तित्वाविषयीचा आपला विश्वास तात्पुरता बाजूला ठेवावा, असे हुसर्ल सांगतात. शुत्झ मात्र म्हणतात की, रोजच्या व्यवहारात माणूस विश्वास नव्हे, तर शंकाच बाजूला ठेवतो : पत्र पेटीत टाकणारा माणूस, कधीही न पाहिलेले टपाल कर्मचारी ते ठरल्या रीतीने पोहोचवतील, हे गृहीतच धरतो. पुढे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखे वागायला लावून अशी गृहीते मुद्दाम मोडून पाहिली (घरच्यांचा संताप वाचण्याजोगा आहे). इथपर्यंत सारे पटते.

मग मुलाखतींवर आधारित संशोधनात संशोधकाने आपले पूर्वग्रह ‘कंसात टाकावेत’, म्हणजे तात्पुरते बाजूला ठेवावेत, ही अपेक्षा नेमकी कोणाच्या आधारावर केली जाते? अभ्यासकाची संकल्पना ज्याच्याविषयी ती मांडली आहे त्यालाही समजण्याजोगी असावी, ही शुत्झ यांची कसोटी मला त्याहून अधिक कठोर वाटते. मुलाखतींच्या विश्लेषणात ती कोणी प्रत्यक्ष वापरली असल्यास, कशी वापरली ते कृपया सविस्तर लिहावे.