रिकामा डबा परत देऊ नये : कृतज्ञतेचे काही अनुभव

निमंत्रण : सिडको, नाशिक

आमच्या स्वयंपाकघरातील फडताळात गेली 11 वर्षे स्टीलचा एक डबा आहे. त्यावर कोरलेली अक्षरे आमच्या घरातल्या कोणाचीही नाहीत, आणि झाकण कधीच हरवलेले असल्यामुळे आम्ही त्यावर ताटली ठेवतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतरचा दीड महिना शेजारच्या वहिनी रोज संध्याकाळी याच डब्यातून कधी मऊ भात, कधी मुगाचे वरण, कधी नुसतीच ताकाची कढी पाठवत असत. रिकामे भांडे परत करायचे नाही, हा आपल्या घराघरांत पाळला जाणारा नियम असल्याने, पत्नी हिंडूफिरू लागली की काहीतरी चांगले करावे आणि डबा भरूनच द्यावा, असे आम्ही ठरवले. ते चांगले म्हणजे नेमके काय, याचा खल चालू असतानाच त्या कुटुंबाची बदली जळगावला झाली आणि डबा आमच्याकडेच राहिला.

आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानले तर त्याला बरे वाटण्याऐवजी लागतेच अधिक. ‘आभार मानून परके करू नका’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि ऐकवलेही आहे. आभारप्रदर्शन ही सभेच्या शेवटी, लोक चपला शोधू लागले असताना, उरकण्याची गोष्ट आहे. मग घरातली, प्रवासातली, पाहुण्यारावळ्यांतली कृतज्ञता जाते तरी कोणत्या वाटेने? आपण एकच प्रसंग लिहावा, यादी देऊ नये, आणि त्या माणसाला आपण ते कधी सांगू शकलो की नाही, हेही प्रांजळपणे लिहावे, अशी विनंती आहे.

नाशिकरोड, निवृत्त कारकून

मी 27 वर्षे पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक होतो. नाशिकरोड ते मुंबई जाऊन-येऊन रोज सुमारे 375 किलोमीटर. ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांना ही शिक्षा वाटते, आणि ज्यांनी केला आहे त्यांना निवृत्तीनंतर सकाळी सातला घरात काय करावे ते सुचत नाही. डब्यात माणसांची ओळख नावापेक्षा जागेवरून असे. आमच्या समोरचे एक गृहस्थ ‘खिडकीवाले’ म्हणूनच प्रसिद्ध होते.

1996 साली आईला नाशिकच्या एका रुग्णालयात ठेवले होते आणि तिला लागणारे इंजेक्शन तेव्हा शहरात मिळत नव्हते. मी रजेवर होतो. त्या काळी आमच्याकडे मोबाइल नव्हते. सकाळी स्थानकावर जाऊन मी चिठ्ठी खिडकीवाल्यांच्या हाती दिली. पुढचे 9 दिवस ते रोज दुपारी मुंबईतल्या औषधांच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले आणि रात्री थर्मासमध्ये बर्फ घालून इंजेक्शन घेऊन आले. मी पैसे मोजून दिले, त्यांनी मोजून घेतले. एवढ्या दिवसांत आमच्यात याहून अधिक बोलणे झाले नाही. ते नऊही दिवस दुपारी जेवले नव्हते, हे मला तीन वर्षांनंतर दुसऱ्याच एका सहप्रवाशाकडून कळले.

मुंबईहून परतताना कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिने लागतात. थळ घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट असा आहे आणि पुढचे इंजिन एकट्याने तो चढू शकत नाही. ही इंजिने गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलतात, तेथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातात. आत पत्ते खेळणाऱ्यांना कसाऱ्यास एक हिसका जाणवतो, तेवढाच. खिडकीवाल्यांबद्दल कळल्यानंतर मात्र त्या हिसक्याला माझे पान हातातच राहू लागले. त्यांना मी काही बोललो का? नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी सर्वांनी मिळून शाल-श्रीफळ दिले आणि भाषण दुसऱ्याच कोणीतरी केले.

दिंडोरी तालुका माहेर, सध्या पुण्यात वास्तव्य

माझा अनुभव कृतज्ञतेचा आहे की तिच्या नावाखाली काय राहून जाते याचा आहे, हे मलाही नक्की सांगता येत नाही.

आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडण्याच्या आणि फुलोऱ्याच्या काळात पाऊस आला तर डावणी रोग पाहता पाहता बागेचा ताबा घेतो. एका रात्रीचा उशीर म्हणजे वर्षाचे पीक. काही वर्षांपूर्वी मी भाऊबिजेला माहेरी गेले आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस सुरू झाला. पहाटे चारपासून ट्रॅक्टरवर फवारणी चालू होती. सुरगाण्याकडची मजुरांची टोळी दिवाळीसाठी गावी गेलेली होती आणि ती आणखी दोन दिवसांनी यायची होती. परंतु सकाळी आठच्या सुमारास टोळी बागेत हजर झाली. कोणीही निरोप पाठवलेला नव्हता. ढग पाहून ते सणातून उठून आले होते. त्यांनी दाटलेली पाने काढून घडांना वारा मोकळा केला, म्हणून जी काही बाग वाचली ती वाचली.

मला भरून आले होते. भावाने ओवाळणीत दिलेली कोरी साडी मी टोळीतल्या वडीलधाऱ्या मावशींपुढे धरली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली, घडी नीट केली आणि परत दिली. म्हणाल्या, “साडी राहू दे बाई. दादांना सांग, होळीच्या आधी हिशेब पुरा करा.” होळी हा त्यांच्याकडचा मोठा सण आहे, आणि आमच्याकडे मजुरीची बाकी माल विकून पैसे हाती आल्यावर, म्हणजे बहुधा होळी उलटून गेल्यावर, चुकती होत असे. वडिलांना हे सांगताना मला जितका संकोच वाटला तितका साडी देताना वाटला नव्हता. त्या वर्षीपासून हिशेब होळीच्या आठवडाभर आधी होतो. साडी मी अजून नेसलेली नाही.

मखमलाबाद, विद्यार्थी

त्र्यंबकेश्वरहून रात्रीच्या शेवटच्या एसटीने येताना तिकिटाला 7 रुपये कमी पडले. सुटे नसले म्हणजे वाहक तिकिटामागे आपली बाकी लिहून देतात. त्यांनी माझे तिकीट उलटे केले, क्षणभर पेन धरले आणि काही न लिहिताच माझ्या हातात दिले. उतरताना मी ‘धन्यवाद’ म्हणालो. त्यांनी दोरी ओढून घंटी दिली.

भांडी बाजार, व्यापारी

निमंत्रण लिहिणाऱ्यांनी डब्यावरच्या अक्षरांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. भांड्यांवर नावे कोरून देणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग आहे, आणि लग्नसराईत ते काम रात्रीपर्यंत चालते. नाव कोरतात ते भांडे दुसऱ्याच्या घरी जाणार आहे हे गृहीत धरूनच. घरातून बाहेरच पडायचे नसेल तर नावाची गरज काय?

2008 च्या पुरात दुकानात पाणी शिरले. आम्ही नदीकाठचे लोक पूर मीटरमध्ये मोजत नाही, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीवर मोजतो : कमरेला आले, छातीला आले, गळ्याला आले. छातीला आल्याची हाक ऐकली आणि गल्लीतली, एरवी आमच्या ओट्यावर बसतात म्हणून मी ज्यांना हटकत असे ती पोरे, न बोलावता आत शिरली आणि त्यांनी तांब्या-पितळेचा माल माळ्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी एकही भांडे कमी भरले नाही. ओट्यावर बसण्यास माझी आता हरकत नसते. एवढेच केले, बोललो काही नाही.

पंचवटी, बँक कर्मचारी

वरील अनुभव वाचताना मला सारखे वाटत होते की कृतज्ञता वाटणाऱ्याचे सर्वजण लिहीत आहेत, जिच्याबद्दल ती वाटते तिचे कोणी लिहीत नाही. म्हणून मी आईच्या बाजूने लिहिते.

2015 च्या सिंहस्थात 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 18 सप्टेंबर या नाशिकच्या तीन शाही स्नानांना आमच्या तीन खोल्यांच्या घरात अनुक्रमे 14, 22 आणि 9 पाहुणे होते. हे आकडे माझ्या आठवणीतले नव्हेत, आईच्या दूधवाल्याच्या वहीतून काढलेले आहेत. रामकुंड घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ही आमची श्रीमंती. प्रत्येक जण निघताना आईच्या पाया पडला. “तुमच्यामुळे स्नान घडले, वहिनी” असे म्हणून कोणी डोळ्यांना पदरही लावला. त्या भावना खोट्या नव्हत्या. परंतु त्या 45 माणसांपैकी चहाची कपबशी विसळून ठेवणारे मला दोघेच आठवतात, आणि रामकुंड एवढे जवळ असूनही पर्वणीला आईचे स्नान एकदाही झाले नाही. तीनही दिवस पहाटे तीनपासून ती पोहे भिजवत होती.

आता 2027 चा सिंहस्थ येतो आहे आणि फोन सुरू झाले आहेत. आईचे वय 71 आहे. या वेळी मी सर्व नातेवाइकांना आधीच कळवले आहे की घर मोकळे आहे, गाद्या आहेत, स्वयंपाकघरही मोकळे आहे, मात्र त्या दिवशी आई तुमच्याबरोबर रामकुंडावर येईल. दोन घरांनी विचार बदलला. नागपूरच्या मावसबहिणीने उलट टपाली विचारले, “पोहे किती किलो आणू?”

सटाणा माहेर, सासर नाशिक

बागलाणात सासुरवाशिणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात. नाशिकहून सटाणा सुमारे 90 किलोमीटर. सोग्रस फाट्याला गाडी महामार्ग सोडून देवळ्याकडे वळली की माझे नाशिकचे मराठी आपोआप गळते आणि अहिराणी सुरू होते. गेल्या वर्षी हा रस्ता नको वाटत होता, कारण आई गेल्यानंतरची ती पहिली आखाजी होती.

आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि पुरणपोळी-आमरसाचा घास निखाऱ्यावर ठेवून आगारी टाकतात. खापरावरचे मांडे ही आईची कला होती : हातावर पुरणाची पोळी फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. वहिनी मुंबईत वाढलेली. तिला ते येत नव्हते, आणि येत नसल्याबद्दल आईने तिला पुष्कळ ऐकवलेही होते. मी मनाशी धरूनच गेले होते की या वर्षी पोळ्या तव्यावरच्या असतील.

चुलीवर खापर होते. वहिनीच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, काही ताजे, काही जुने. ती महिनाभर शेजारच्या आजींकडे शिकायला जात होती. पहिला मांडा फाटला, दुसरा जाडा झाला; तिसरा तिने आगारीसाठी वेगळा काढून ठेवला. मी तिच्या हाताला तूप लावत बसले. तिला काय म्हणावे ते मला सुचेना, आणि तीही माझ्याकडे न पाहता, आईच्याच सुरात म्हणाली, “बस झालं, निखारे विझतील.”

सिडको, नाशिक

इतके वाचल्यावर आमचा डबा फडताळात ठेवणे अवघड झाले. परवा जुना क्रमांक शोधून जळगावला फोन लावला. वहिनींनी आवाज लगेच ओळखला. मी डब्याचा विषय काढला, पत्नीने रव्याचे लाडू केले आहेत आणि येत्या रविवारी आम्ही दोघे घेऊन येत आहोत, असे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “झाकण आणू नका. पहिल्याच दिवशी तुम्ही घाईत डबा घेऊन गेलात, तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.”