फ्लॅशबॅकला मराठीत काय म्हणावं?

दिठी:
स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रौढांना आघातोत्तर ताणही (पीटीएसडी) असेल, तर त्यावरच्या उपचाराची पुस्तिका मराठीत करायची आहे. कार्यक्रम १२ ते १६ सत्रांचा. श्वासाचा सराव, आजाराची माहिती, मग विचारांची तपासणी. घोडं अडलंय ते 'फ्लॅशबॅक'शी, म्हणजे जुना भयंकर प्रसंग आत्ताच पुन्हा घडतोय असं वाटण्याशी. जुन्या मसुद्यात 'भास' आहे आणि तो काढायलाच हवा. 'भास होतात' अशी नोंद झाली की सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) वाढला असं समजून गोळीचा डोस वाढतो, आणि ज्या मारहाणीमुळे हे सुरू झालं असेल तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही.

निशिगंध:
'पुनरनुभव'. अर्थ नेमका, शब्द घडवलेला पण स्वच्छ.

पाटीपेन्सिल:
कागदावर स्वच्छ, तोंडात बसत नाही. 'डोळ्यांसमोर उभं राहतं' म्हणा. किंवा 'ते सगळं अंगावर येतं'.

दिठी:
डोळ्यांसमोर तर गेलेली आजीही मायेनं उभी राहते. शिवाय फ्लॅशबॅक नुसता दिसत नाही. वास येतो, छातीवर ओझं जाणवतं. 'अंगावर येतं' तर इथे धोक्याचं. लोक आपल्यावर टपलेत असं ज्याला आधीच वाटतं, त्याला 'अंगावर काही येतं का?' विचारलं तर तो हल्ल्याबद्दल सांगेल. आणि शेजारीच 'अंगात येणं' आहे.

कानामात्रा:
नाम हवंच कशाला? आघातोत्तर ताणाची लक्षणं मोजणाऱ्या पीसीएल-५ प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न अख्खं वर्णन करतो: तो प्रसंग आत्ता पुन्हा घडतोय असं अचानक वाटणं, किंवा तसं वागणं. एकूण २० प्रश्न, गेल्या महिन्याबद्दल, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३१ ते ३३ किंवा जास्त आली तर सविस्तर मुलाखत घ्यायची. लक्ष टिकत नसेल तर प्रश्न वाचून दाखवावेत. भास की आठवण हे ठरवताना तीन गोष्टी विचारा: जे दिसतं-ऐकू येतं ते पूर्वी खरंच घडलं होतं का, कशानं सुरू होतं, ओसरल्यावर 'ते जुनं होतं' हे कळतं का. तरी सीमा धूसरच राहते. कानातला आवाज मारणाऱ्याचीच वाक्यं बोलत असेल तर दोन्ही नोंदवावं.

पाटीपेन्सिल:
मग आधी 'आघात' काढा. 'आघात झाला होता का?' म्हटलं की लोकांना पक्षाघात, हृदयाघात आठवतो. 'धसका' घ्या.

निशिगंध:
असहमत. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ जखम. जखम हा परिणाम, आघात हे कारण, आणि निदानासाठी आधी तसा प्रसंग घडलेला असावाच लागतो. 'धसका' पावसाचाही घेतात आणि परीक्षेचाही.

कानामात्रा:
'धसका घेतला' याला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. क्रियापद सगळा भार रुग्णावर टाकतं. तो धसका घेतो, तो हाय खातो. करणारा कुठे दिसतच नाही. उपचारात नेमका हाच विचार सोडवायचा असतो: 'माझ्यामुळेच झालं.' विचारांच्या तपासणीच्या पायऱ्या पाच: प्रसंग, भावना, त्यामागचा विचार, त्या विचाराच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे, मग निर्णय. चुकतं ते चौथ्या-पाचव्या पायरीवर. उपचारक स्वतःच वाद घालतो किंवा 'चांगला विचार करा' म्हणतो. पुरावे विचाराच्याच बाजूचे निघाले, म्हणजे घरात आजही मारहाण होत असेल, तर विचार बदलायचा नसतो. सुरक्षिततेचा बेत लिहून काढायचा असतो.

दिठी:
पटलं. प्रसंगाची आठवण देणाऱ्या गोष्टींपासून लांब राहण्याला मसुद्यात 'टाळाटाळ' म्हटलंय, तेही काढते. त्यात आळसाचा ठपका आहे. स्किझोफ्रेनियात ती निरुत्साह म्हणून खपून जाते, ते आणखी वाईट. नुसतं 'टाळणं' बरं.

निशिगंध:
मसुद्यात 'रुग्ण नाजूक असल्याने प्रसंग उकरू नये' असं आहे का? असेल तर तेही काढा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत सायकोसिस असलेले १५५ जण होते. ९० मिनिटांची ८ सत्रं. काहींनी प्रसंग सविस्तर सांगून त्याला सामोरं जायचं, काहींनी ईएमडीआर पद्धतीनं (डोळे ठरावीक रीतीनं हलवत प्रसंग आठवून), बाकीचे प्रतीक्षायादीत. दोन्ही उपचारांनी ताण उतरला, आणि गंभीर दुष्परिणाम प्रतीक्षायादीपेक्षा जास्त नव्हते. 'उकरणं' हा शब्दच भीती घालतो.

पाटीपेन्सिल:
'उकरणं' जाऊ द्या, पण 'धसका' मी सोडत नाही. 'धसका बसला' म्हणा, की दोष रुग्णाकडून निघाला.

निशिगंध:
'बसला' हे 'धक्का बसला'वरून आलेलं असावं. मला ओळखीचा प्रयोग 'घेतला'च. आणि शब्द संस्कृत 'ध्वंस'वरून असावा.

पाटीपेन्सिल:
ध्वंस कुठला! काळजात 'धस्स' होतं, त्या आवाजाचाच शब्द. धडकी, धाकधूक, धडधड ही सगळी त्याचीच भावंडं.

निशिगंध:
धाकधूकमधला 'धाक' तरी मला आवाजाचा वाटत नाही. तो वेगळा काढा.