नुसती पात येणारे डॅफोडिल
डॅफोडिल (वसंतात फुलणारे, बहुधा पिवळ्या फुलांचे कंदाचे झाड) नुसती पात काढते, फुलत नाही, अशी तक्रार केली की फुले येत नाहीत म्हणजे कंद म्हातारे झाले, ते उपटून नवे लावावेत, असे कोणी सुचवते; हे मत मला पटत नाही. इंग्लंडमधल्या जुन्या बागांत मार्चमध्ये नुसती पात येणारे दाट झुपके बहुधा डॅफोडिलचे असतात. पाने पट्टीसारखी चपटी, निळसर हिरवी, टोकाला बोथट आणि कंदावर तपकिरी, कागदी साल, या खुणांवरून ते ओळखता येतात. एकच रुंद पान काढून थांबलेला कंद मात्र ट्यूलिपचा असण्याची शक्यता अधिक.

डॅफोडिलची पुढच्या वसंतातली कळी आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार होते, आणि त्यासाठी लागणारे अन्न पात पुरवते, हा मुद्दा त्या मतात लक्षात घेतलेला नाही. म्हणूनच फुले ओसरल्यावर पात किमान 6 आठवडे कापू नये, आणि नीटनेटकी दिसावी म्हणून तिच्या गाठीही बांधू नयेत. आमच्या कुंपणालगतचा झुपका पात पिवळी पडल्यावर खणला, तेव्हा कंद एकमेकांना इतके खेटून वाढलेले होते की त्यांच्या बाजू चपट्या झाल्या होत्या. ते सुटे करून, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल आणि विरळ लावल्यावर मोठे कंद पुढच्याच वसंतात फुलले. मोठ्या कंदांना फुटलेल्या लहान पिल्लांना (छोट्या कंदांना) मात्र फुलायला आणखी काही वर्षे द्यावी लागतात, आणि ती जरूर द्यावीत.