रात्री डेकवर येऊन पडलेला चिमुकला समुद्रपक्षी जखमी होता का?

क्षितिज

मी मालवाहू जहाजावर काम करतो. सप्टेंबरमध्ये अरबी समुद्रातून जाताना एका रात्री डेकवरच्या दिव्याखाली काळपट तपकिरी रंगाचा एक पक्षी येऊन पडला. तो चिमणीहून थोडा मोठा होता. शेपटीच्या मुळाशी रुंद पांढरा पट्टा होता, चोचीवर बारीकशी नळी होती आणि लांब, काड्यांसारख्या काळ्या पायांच्या बोटांमधले पडदे पिवळे होते. तो उभा राहत नव्हता, नुसता रांगल्यासारखा पुढे सरकत होता, त्यामुळे त्याचे पाय मोडले असावेत असे मला वाटले. हातात घेतला तेव्हा वजन जवळजवळ जाणवलेच नाही. मात्र हाताला एक तेलकट, उग्र वास लागला आणि साबणाने दोनदा धुऊनही तो सकाळपर्यंत गेला नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वाटीत गोडे पाणी दिले, पण त्याने चोचही बुडवली नाही. दोनेक तासांनी जहाजाच्या अंधाऱ्या बाजूला नेऊन कठड्याबाहेर तळहात उघडला, तसा तो खाली पाण्याकडे झेपावला आणि दिसेनासा झाला.

तो जखमी असताना मी त्याला सोडण्याची घाई केली का, ही रुखरुख अजून आहे. शिवाय एवढासा जीव किनाऱ्यापासून इतक्या दूर जगतो तरी कशावर?

रातवा

रुखरुख बाळगू नका, आपण योग्य तेच केले. पांढरा पट्टा आणि विशेषतः पडद्यांचा पिवळा रंग पाहता हा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल होता. या पक्ष्याचे वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम भरते आणि पंखांचा विस्तार सुमारे ४० सेंटिमीटर असतो. त्याचे पाय मोडलेले नव्हते. या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत जमिनीवर शरीराचा भार नीट पेलण्याइतके बळच नसते, म्हणून ते घोट्यापर्यंतचा भाग टेकवून, पंखांचा आधार घेत सरकतात. सपाट डेकवरून त्यांना उडणेही जड जाते. कठड्याबाहेर मोकळी हवा मिळताच तो निघून गेला, याचे कारण हेच.

हेच पाय पाण्यावर मात्र फार कामाचे आहेत. पक्षी पंख उंच पसरून वाऱ्यावर तरंगतो आणि पाय पाण्यात टेकवतो. पडद्यांना होणाऱ्या पाण्याच्या विरोधामुळे तो वाऱ्याबरोबर वाहवत जात नाही; पतंगाला जसा दोरा धरून ठेवतो, तसे पाणी त्याला धरून ठेवते. अशा स्थितीत लाटांवरून पावले टाकल्यासारखा पुढे सरकत तो पृष्ठभागावरचे क्रिल (कोळंबीसारखे चिमुकले जीव), इतर सूक्ष्म प्राणी आणि तेलाचे कण टिपत राहतो. बायबलमधल्या, पाण्यावर चालणाऱ्या संत पीटरच्या कथेवरून ‘पेट्रेल’ हे नाव पडले असे सांगतात, आणि ही चाल पाहिलेल्या कोणालाही ते पटेल.

अन्न शोधण्यात नाकाचा मोठा वाटा असतो. सूक्ष्म प्राणी वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खाऊ लागले की पाण्यातून डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. शास्त्रज्ञ गॅब्रिएल नेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या समुद्रात या वायूचा वास मिसळलेले तेल पसरले, तेव्हा साध्या तेलापेक्षा तिथे स्टॉर्म पेट्रेल अधिक आले. आपल्याला एकसारखा भासणारा समुद्र या पक्ष्याला वासाने आखलेल्या नकाशासारखा जाणवत असला पाहिजे, असे मला यावरून वाटते.

क्षितिज

मनावरचे ओझे उतरले. आता दोन शंका उरतात. त्याने पाणी का नाकारले, आणि तो पुढे कुठे निघाला होता?

रातवा

त्याला गोड्या पाण्याची गरज नसते. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ वेगळे काढतात आणि ते खारट पाणी नाकावाटे बाहेर पडते. चोचीवर आपण पाहिलेली नळी म्हणजे त्याच्या नाकपुड्या. सप्टेंबरचा काळ पाहता तो दक्षिणेकडे परतत असावा. ही जात अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, खडकांच्या फटींत अंडी घालते आणि हिवाळा लागताच विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येते.

भरतीओहोटी

वासाविषयी थोडी भर घालतो. या कुळातल्या पक्ष्यांचा तो वास त्यांच्या पिसांत इतका मुरलेला असतो की संग्रहालयांत ठेवलेल्या अनेक दशके जुन्या नमुन्यांनाही तो येतो.

स्टॉर्म पेट्रेलच्याच युरोपीय जातीची वसाहत मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड द्वीपसमूहातल्या मूसा बेटावर पाहिली आहे. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर दगड रचून बांधलेला एक गोल बुरूज आहे आणि त्याच्या फटींत हे पक्षी घरटी करतात. जून महिना असल्याने रात्र नावापुरतीच होती. अकरा वाजेपर्यंत भिंत अगदी निर्जीव दिसत होती, पण कान लावला तर आतून जाते फिरल्यासारखी घरघर ऐकू येई आणि मध्येच उचकी लागावी तशी ती तुटे. मग जरा अंधारताच समुद्राकडून वटवाघळांसारख्या सावल्या येऊ लागल्या, भिंतीसमोर घिरट्या घालून एकेक सावली नेमक्या आपल्याच फटीत शिरत होती. माझ्या गालाला एका पंखाचा वारा लागला, तो क्षण मी विसरलेलो नाही.

ते रात्रीच येतात, कारण जमिनीवर त्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही आणि दिवसा गल व स्कुआ हे मोठे समुद्रपक्षी त्यांना सहज मारतात. लख्ख चांदण्यातही त्यांची ये-जा कमी होते. वर्षाला एकच अंडे असते, पण पक्ष्याच्या वजनाच्या मानाने ते प्रचंड, जवळजवळ चौथा हिस्सा. नर-मादी आळीपाळीने सुमारे ४० दिवस ते उबवतात. एक जण कित्येक दिवस समुद्रात चरत असतो, तोवर दुसरा उपाशी बसून राहतो. जोडीदाराला यायला फार उशीर झाला, तर अंडे काही काळ थंड पडते. काही जातींत आतला गर्भ अशा अनेक दिवसांच्या थंडीतही जिवंत राहतो, आणि या पक्ष्यांविषयी मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. इतकी संथ वीण त्यांना परवडते ती दीर्घायुष्यामुळे. पायात कडी घातलेले काही पक्षी तीस वर्षांनंतरही जिवंत सापडले आहेत.

रातवा

या माहितीवरून आपला पक्षी डेकवर का पडला तेही कळते. अंधारात वावरणारा हा पक्षी प्रखर दिव्यांनी, विशेषतः धुक्यात किंवा ढगाळ, चंद्रहीन रात्री, भांबावतो आणि जहाजांवर व तेलविहिरींच्या फलाटांवर आदळतो. बेटांवर माणसाबरोबर पोहोचलेले उंदीर आणि मांजरे हे दुसरे संकट. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावरची स्टॉर्म पेट्रेलची जात १९१२ नंतर खात्रीने दिसलेली नाही, आणि त्यामागे मांजरांचा मोठा हात मानला जातो. उलट उदाहरण न्यूझीलंडचे आहे. नामशेष समजली गेलेली तिथली एक जात २००३ साली समुद्रात पुन्हा दिसली आणि २०१३ साली तिची वीण लिटल बॅरियर बेटावर होत असल्याचे आढळले. त्या बेटावरची मांजरे १९८० पर्यंत आणि उंदीर २००४ साली हटवण्यात आले होते.

पुन्हा असा पक्षी आला तर अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर खोक्यात ठेवावा, खाऊ-पाणी देऊ नये, पिसांना तेल वा ग्रीस लागू देऊ नये, आणि पिसे कोरडी असल्याची खात्री करून रात्रीच, दिव्यांपासून दूर सोडावा. दिवसा सोडल्यास जहाजामागे येणारे गल त्याला टिपू शकतात.

क्षितिज

आपले दोघांचे मनापासून आभार. पुढच्या फेरीत रात्री जिथे काम चालू नसेल तिथले डेकवरचे दिवे बंद ठेवावेत आणि केबिनच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, असे मी आमच्या कॅप्टनसाहेबांना सुचवले. वाटदर्शक दिवे अर्थातच तसेच राहतील. त्यांनी लगेच होकार दिला. झाकणाला भोके पाडलेले एक खोकेही आता ब्रिजजवळच्या कपाटात ठेवले आहे.