फ्युएल ट्रिम +१८ टक्के दाखवतो. ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

प्रश्न (नाशिकरोड)
माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला असून स्कॅनरवर पी-०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड येतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणात इंजिनाने केलेली दीर्घकालीन दुरुस्ती, +१८ टक्के असतो, मात्र २५०० आरपीएमवर तो +५ च्या आसपास उतरतो. मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदलण्यास सांगत आहेत. हा खर्च करण्यापूर्वी इंजिन हवा-पेट्रोलचे प्रमाण कशावरून ठरवते, हे कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ (सातपूर)
इंजिनात किती हवा शिरते आहे याचा अंदाज घेऊन ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवतो. शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण लागते आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच प्रमाणाजवळ तिन्ही प्रदूषकांवर (कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड) एकाच वेळी काम करू शकतो. हा अंदाज बरोबर ठरला की नाही, हे धुरातला उरलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर कळवतो: झिर्कोनियाचा सेन्सर मिश्रणात पेट्रोल जास्त असताना सुमारे ०.९ व्होल्ट आणि कमी असताना सुमारे ०.१ व्होल्ट देतो. त्यानुसार ईसीयू पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, आणि ही दुरुस्ती म्हणजेच ट्रिम (+ म्हणजे पेट्रोल वाढवलेले). तेव्हा आपला सेन्सर बहुधा खरी बातमी देत आहे. बातमी देणाऱ्यालाच बदलून मूळ दोष जाणार नाही.

आपले आकडे मला फार बोलके वाटतात. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेते, त्यामुळे फाटलेल्या व्हॅक्यूम होजमधून किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून शिरणाऱ्या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की तो नगण्य होतो. फ्युएल पंप कमजोर असता तर उलट घडले असते, म्हणजे कसारा घाटाच्या चढावर ट्रिम वाढला असता. प्रथम स्मोक टेस्ट (हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी) करून घ्यावी.

उत्तर २ (गंगापूर रोड)
वरील निदान पटते, पण एक अट जोडतो. ते हवेचा प्रवाह मोजणाऱ्या, म्हणजे एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीला नीट लागू पडते. मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या गाडीत गळतीची हवाही त्या दाबात धरली जाते, त्यामुळे तिथे ट्रिमपेक्षा आयडलिंग चढलेले आढळते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते आधी पाहावे. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर पेट्रोल कमी असल्याचे खोटेच सांगतो, म्हणून तो जोडही तपासावा.

उत्तर ३ (इंदिरानगर)
ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळेही ट्रिम वाढतो, कारण इथेनॉलला सुमारे ९ भाग हवाच पुरते आणि ई-२० चे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. मात्र ती वाढ काही टक्क्यांचीच असते आणि आयडलिंगला व वेगात जवळपास सारखीच राहते. आपले +५ त्यातून आले असू शकतील, +१८ नव्हे.